जुन्या कोच बॅगा जमवताना, पारखताना, दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला न्यू जर्सीतल्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, कोच या अमेरिकन कंपनीची एखादी मळकी बॅग सापडते. कुणाच्या मावशीने नव्वदच्या दशकात अमेरिकेहून आणलेली बॅग पुण्यातल्या कपाटाच्या माळ्यावरून खाली येते. मग खरी आहे का, बुरशी जाईल का, मोच्याकडे द्यावी का, हे तेच ते प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे. सगळा भर साधारण १९६० ते १९९० च्या दशकांतल्या चामड्याच्या कोच बॅगांवर आहे. हल्लीच्या कापडी बॅगांना यातलं फारसं काही लागू पडत नाही.

फक्त कोचच का?

कारण "जुन्या लेदर बॅगा" असं सरसकट बोललं की निम्मे सल्ले चुकतात. एका बॅगेला जे तारतं, ते दुसरीला मारतं.

कोचची सुरुवात १९४१ साली मॅनहॅटनमधल्या एका छोट्या कौटुंबिक कारखान्यात झाली. तिथे पुरुषांची पाकिटं बनायची. १९४६ मध्ये माइल्स आणि लिलियन कान हे जोडपं तिथे आलं आणि १९६१ मध्ये त्यांनी तो धंदाच विकत घेतला. बेसबॉलचा हातमोजा वापरून वापरून मऊ होतो आणि जास्तच देखणा दिसायला लागतो, हे माइल्स कान यांच्या लक्षात आलं. तसं चामडं कमावता येईल का, यावर त्यांनी काम केलं. त्यातून आलं ते ग्लव्ह-टॅन्ड लेदर. बायकांच्या बॅगा बनवायचा आग्रह लिलियन यांचा, आणि त्या आग्रहाशिवाय आज हा विषयच नसता.

या चामड्यात रंग आतपर्यंत मुरलेला असतो, वर जाड प्लास्टिकसारखा थर नसतो. बहुतेक बॅगांना आत अस्तर नसतं, चामड्याची खरखरीत बाजू तशीच उघडी असते. कड्या, बकला आणि खटके पितळेचे. म्हणूनच ही बॅग घरच्या घरी पारखता येते आणि घरच्या घरी सुधारताही येते. इतर कुठल्याही मोठ्या नावाच्या जुन्या बॅगेबद्दल मी हे इतक्या खात्रीने म्हणणार नाही.

सुरुवात कुठल्या काळातल्या बॅगेपासून करावी?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या मध्यापर्यंतची घ्या. विलिस, कोर्ट, सिटी, स्टेशन ही त्या काळातली नावाजलेली मॉडेलं. ती भरपूर बनली, त्यामुळे मिळतात. दणकट आहेत आणि रोज वापरता येतात.

त्याआधीचा डिझायनर बॉनी कॅशिन यांचा काळ म्हणजे १९६२ ते १९७४. कोचचा चेहरा घडवला तो या बाईंनी. बॅगेच्या बाहेरच्या बाजूला जोडलेली, चिमटीने उघडणारी नाण्यांची पर्स, झगझगीत रंग, पट्ट्यापट्ट्यांचं सुती अस्तर, आणि फिरवून बंद करायचा पितळी खटका, म्हणजे टर्नलॉक. तो त्यांना आपल्या गाडीच्या कापडी छताच्या खटक्यावरून सुचला. आजही कोचच्या बॅगांवर तो दिसतो. पण कॅशिन यांच्या काळातल्या बॅगा दुर्मीळ आणि महाग, शिवाय अस्तरामुळे स्वच्छ करायलाही अवघड. हात बसल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका.

१९८५ मध्ये कान दांपत्याने कंपनी सारा ली या बड्या उद्योगाला विकली. पुढे त्यांनी न्यूयॉर्क राज्यात शेळ्या पाळून चीज बनवण्यात मन घातलं, आणि तेही नावाजलं गेलं. १९९६ मध्ये डिझायनर रीड क्रॅकॉफ कोचमध्ये आले, २००१ मध्ये 'सी' अक्षरांचं छापील कापड आलं. माझ्या मते संग्राहकाचा रस साधारण तिथे संपतो.

आतला नंबर टाकला की खरी-खोटी सांगणारी वेबसाइट आहे का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

बॅगेच्या आत चामड्यावर ठसा उमटवलेला मजकूर असतो, त्याला संग्राहक 'क्रीड' म्हणतात. ही कोच बॅग आहे, अमुक ठिकाणी बनली, चामड्यावरचे व्रण, ओरखडे, शिरा आणि सुरकुत्या या नैसर्गिक खुणा आहेत, अशा अर्थाचं त्यात लिहिलेलं असतं. खाली नंबर. १९९४ च्या आधीच्या बॅगांवर नुसते आकडे आणि मध्ये आडवी रेघ. त्या आकड्यांवरून मॉडेल कळत नाही. ती फक्त त्या बॅगेची नोंद.

१९९४ पासून पद्धत बदलली. पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचा आकडा वर्षाचा, त्यानंतरचं अक्षर कारखान्याचं, मग आडवी रेघ आणि शेवटी मॉडेलचा क्रमांक. उदाहरणार्थ, शेवटी ९९२७ असेल तर विलिस, ९७९० असेल तर सिटी. आता एक पडताळणी करता येते. नंबर ९९२७ म्हणतो आणि हातातली बॅग विलिससारखी दिसतच नाही, तर गडबड आहे.

पण उलटं खरं नाही. नंबर जुळला म्हणून बॅग खरी ठरत नाही. खोट्या बॅगा बनवणारे खऱ्या बॅगेवरचा नंबर उतरवून घेतात आणि तोच शेकडो बॅगांवर मारतात. म्हणून "नंबरचा फोटो पाठवते, सांगा खरी का" असं विचारलं की मी आधी पूर्ण बॅगेचे फोटो मागते. नंबर हा शेवटचा साक्षीदार, पहिला नव्हे.

माझ्या बॅगेत नंबरच नाही. म्हणजे खोटी?

तसं नाही. साठच्या दशकातल्या बॅगांवर नंबर नसायचा. पाकिटं आणि अगदी छोट्या पर्स यांवरही बऱ्याचदा नसतो.

मग नेमकं बघायचं काय?

बॅग हातात घ्या, उजेडात न्या आणि आधी उघडा. आतली बाजू बघा. कॅशिन यांच्या काळातल्या अस्तराच्या बॅगा सोडल्या तर चामड्याची उलटी बाजू दिसली पाहिजे, किंचित केसाळ, एकाच रंगात मुरलेली. तिथे चकचकीत नायलॉन किंवा 'सी' अक्षरांचं कापड असेल आणि बाहेरचा आकार मात्र ऐंशीच्या दशकातला असेल, तर ती बॅग बाजूला ठेवा.

मग टर्नलॉक फिरवा. पितळी खटका जड लागतो, ठामपणे अडकतो आणि वर्षानुवर्षं बोटं लागून त्याच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात. रंग सोन्यासारखा पिवळाधमक नसतो, मंद आणि तपकिरीकडे झुकणारा असतो. मुलामा दिलेल्या खटक्यावर घासल्या जागी खालचा राखाडी धातू डोकावतो. खऱ्या पितळेवर खालीही पितळच निघतं.

चेनचा खेचक उलटून बघा. टॅलन, वायकेके अशी चेन बनवणाऱ्या कंपन्यांची नावं सापडतात. दुसरं नाव दिसलं म्हणून लगेच खोटी ठरवू नका, पण धातूची चेन हवी, प्लास्टिकची नको. टाके जाड दोऱ्याचे, एकसारख्या अंतरावर. पट्ट्याचं चामडं वाकवून बघा. ते दुमडतं आणि परत सरळ होतं. कापडावर प्लास्टिकचा पापुद्रा असेल तर वाकवल्या जागी तो तडकतो.

क्रीडमधला मजकूर शब्दन् शब्द वाचा. खोट्या बॅगांत स्पेलिंगच्या चुका असतात, वाक्यं अर्धवट तुटतात. ठसा पुसट किंवा किंचित वाकडा असणं मात्र चालतं. हाताने मारलेले ठसे आहेत ते.

क्रीडवर 'कोस्टा रिका' लिहिलंय. कोच तर न्यूयॉर्कचं ना?

चालतं. नव्वदच्या दशकात कोचचं काम न्यूयॉर्कबाहेर, कोस्टा रिका, डॉमिनिकन रिपब्लिक, इटली अशा ठिकाणीही होऊ लागलं होतं. देश आणि नंबर एकाच काळातले आहेत का एवढं बघा. 'न्यूयॉर्क सिटी' छापलंय आणि नंबर मात्र २००० नंतरच्या धाटणीचा आहे, असं दिसलं तर सावध व्हा.

हे चामडं गाईचं असतं का?

हो. क्रीडमध्येच तसं लिहिलेलं असतं. आपल्याकडे अनेक घरांत हा प्रश्न मनापासून विचारला जातो आणि त्याचं सरळ उत्तर मिळायला हवं. घरात कुणाला चालणार नसेल, तर भेट देण्याआधी सांगा. आजीला नंतर कळण्यापेक्षा ते बरं.

लोक बॅग चक्क पाण्यात बुडवतात म्हणे. खरंच?

खरंच, आणि योग्य बॅगेला याच्याइतका दुसरा गुणकारी उपाय नाही. ग्लव्ह-टॅन्ड चामड्यावर जाड थर नसल्यामुळे पाणी आत शिरतं आणि मळ घेऊन बाहेर पडतं.

आधी हँगटॅग, म्हणजे बॅगेला लटकणारी नावाची पट्टी, काढून ठेवा. पितळ चमकवायचं असेल तर ते आधीच उरका. आतला कचरा झटका, खिशांचे कोपरे उलटे करून बघा. एका कोपऱ्यात पांढरा ओला कपडा घासून रंग सुटतो का ते तपासा. लाल आणि गडद निळ्या बॅगा हमखास थोडा रंग सोडतात. किंचित सुटला तर चालेल, पण कपडा पूर्ण रंगला तर थांबा.

बादलीत किंवा टबात जेमतेम कोमट पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाका आणि बॅग पूर्ण बुडेल अशी ठेवा. अर्धी भिजली तर पाण्याची रेघ उमटते आणि ती जात नाही. हाताने दाबत राहा, मऊ फडक्याने आतली बाजू पुसा. पाच-दहा मिनिटांत पाणी चहासारखं होतं. ते पाहून पहिल्यांदा पोटात गोळा येतो, पण त्यात बहुतेक मळच असतो. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढून साबण पूर्ण जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खंगाळा. पिळू नका. जाड टॉवेलात गुंडाळून दाबा.

आता खरं काम. ओली बॅग मऊ असते आणि तुम्ही द्याल तो आकार घेते. पांढरे टॉवेल भरून तळाचे कोपरे बाहेर काढा, झाकण सरळ करा, टर्नलॉक लावून ठेवा, पट्टा सपाट पसरा. इथे दिलेली वीस मिनिटं पुढची कित्येक वर्षं दिसतात. मग सावलीत, पंख्याखाली दोन-तीन दिवस. ऊन, हीटर, हेअर ड्रायर यांतलं काहीही नको. चामडं आखडतं.

किंचित दमट असतानाच लेदर कंडिशनरचा पातळ हात द्या, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वाळल्यावर बॅग पुठ्ठ्यासारखी ताठ लागेल. हातांनी हळूहळू वाकवत, चोळत राहा, मऊ होते.

कुठल्या बॅगा बुडवायच्या नाहीत?

अस्तर असलेल्या. आत पुठ्ठा घातलेल्या. स्वेड (मखमली पृष्ठभागाचं चामडं) आणि पेटंट लेदर (चकचकीत थर दिलेलं). मुलाम्याच्या कड्या असलेल्या. कॅशिन यांच्या काळातल्या तर कुठल्याच नाहीत. या सगळ्यांना ओलसर फडकं आणि कंडिशनर, बस्स.

कंडिशनरऐवजी खोबरेल तेल लावलं तर?

नको. ऑलिव्ह तेल, तिळाचं तेल, तूप, काहीच नको. स्वयंपाकघरातलं तेल चामड्यात असमान मुरतं, डाग पाडतं, कालांतराने खवट होतं आणि पावसाळ्यात बुरशीला निमंत्रण देतं. बुटाचं रंगीत पॉलिशही नको, ते पांढऱ्या कुर्त्यावर उतरतं.

पितळ पितांबरीने घासू का?

पट्ट्याचे हूक पूर्ण सुटे होत असतील तर खुशाल. पितांबरी पितळेसाठीच आहे आणि काम चोख करते. पण चामड्यात बसवलेल्या टर्नलॉकवर ती पूड किंवा लिंबू-चिंच नको. आंबट पाणी चामड्याला लागतं आणि पूड टाक्यांत अडकून पांढरी दिसत राहते. तिथे कानकोरणीच्या कापसावर पितळेचं क्रीम पॉलिश अगदी थोडं घ्या आणि भोवतीचं चामडं चिकटपट्टीने झाका. मला स्वतःला जुन्या पितळेचा मंदपणाच आवडतो. हिरवट थर असेल तेवढाच काढते.

मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात बॅगेवर पांढरी बुरशी येते. काय करू?

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की चामड्यावर बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती त्याच्या कितीतरी वर असते. तेव्हा बुरशी आली म्हणजे बॅग वाईट असं समजू नका.

आधी ती घराबाहेर किंवा बाल्कनीत न्या, नाकाला फडकं बांधा आणि मऊ ब्रशने कोरडी बुरशी झटका. हे कपाटासमोर केलंत तर बीजाणू उरलेल्या बॅगांवर जाऊन बसतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन, फडकं जेमतेम ओलसर करून पुसा. अल्कोहोल रंग काढू शकतो, म्हणून आधी लपलेल्या जागी करून बघा. त्यानंतर दोन-चार दिवस सावलीत हवा लागू द्या. कंडिशनर त्यानंतरच.

ठेवताना प्लास्टिकची पिशवी सक्त वर्ज्य. जुन्या सुती साडीचा तुकडा सगळ्यात उत्तम. आत भरायला पांढरं कापड किंवा कोरा कागद घ्या, वर्तमानपत्राची शाई उतरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओलावा पिऊन भरल्या की बदला. डांबरगोळ्या नकोत, तो वास चामड्यातून वर्षभर जात नाही. आणि पावसाळ्यात बॅग दर आठवड्याला कपाटाबाहेर काढा, जमलं तर वापरा. वापरातल्या बॅगेवर बुरशी क्वचितच धरते.

हात लावला की लालसर पूड निघते. कंडिशनर लावू?

थांबा. हा रेड रॉट. झाडांच्या सालींनी कमावलेलं जुनं चामडं आम्लामुळे आतून कुजतं आणि त्याची भुकटी होते. जुन्या पुस्तकांच्या बांधणीत आणि ब्रिटिशकालीन दप्तरांत तो हमखास दिसतो. तो उलटवता येत नाही. पाणी लागलं तर चामडं काळं आणि कडक होतं, म्हणून बुडवणं तर अजिबात नाही. ग्रंथालयांतले जतनतज्ज्ञ हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून ती भुकटी बांधून ठेवतात, पण त्याने वस्तू बघण्याजोगी राहते, खांद्याला लावण्याजोगी होत नाही. अशी बॅग विकत घेऊ नका.

टाके उसवलेत. कोपऱ्यावरच्या मोच्याला दिली तर चालेल?

चालेल, आणि बऱ्याचदा चकाचक दुकानापेक्षा काम चांगलं होतं. फक्त तीन गोष्टी आधी सांगा. जुन्याच भोकांतून शिवायचं, नवीन भोकं पाडायची नाहीत. मशीन मारायचं नाही, आरी घेऊन हाताने शिवायचं. आणि सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, लावायचं नाही. काका प्रेमाने सोल्युशन लावतात, काम पक्कं व्हावं म्हणून. पण ते पिवळं पडतं, कडक होतं आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करतं. मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा तुम्हीच घेऊन जा, रंग जुळवून.

पट्टाच तुटला असेल तर धारावीतल्या लेदरच्या कारखान्यांत नवा करून मिळू शकतो. जुना पट्टा नमुन्याला न्या. जाडी आणि रुंदी तोंडी सांगून जमत नाही. जुन्या कड्या त्यातच बसवायला सांगा आणि जुना पट्टा टाकू नका.

कडांची पायपिंग, म्हणजे दोरीवर गुंडाळून शिवलेली चामड्याची पट्टी, घासून आतली दोरी बाहेर आली असेल, तर ती नीट करणं म्हणजे बॅग उसवून पुन्हा शिवणं. तितका खर्च क्वचितच परवडतो.

रंग उडालाय. डाय करून घेऊ का?

आधी धुवा, कंडिशनरचे दोन हात द्या आणि आठवडाभर थांबा. मुरलेला रंग पुष्कळदा परत वर येतो. डाय केलेल्या बॅगेचे टाकेही रंगतात, क्रीडचा ठसा भरून जातो आणि संग्राहकाच्या लेखी तिची किंमत घसरते.

आत बॉलपेनची शाई सांडलीय.

राहू द्या. शाई काढणारं प्रत्येक द्रव्य चामड्याचा रंगही काढतं.

आजीची सापाच्या कातड्याची पर्स आहे. विकता येईल?

सापाच्या, मगरीच्या, घोरपडीच्या कातड्याच्या वस्तूंची खरेदी-विक्री करू नका. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७५ पासून लागू झालेला साइट्स करार आहे. बऱ्याच प्रजातींची वस्तू नुसती जवळ बाळगण्यावरही निर्बंध आहेत. वन विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा. अमेरिकेहून येताना थ्रिफ्टमधली अजगराच्या कातड्याची बॅग सामानात टाकू नका. परवान्याशिवाय ती विमानतळावर जप्त होऊ शकते.

हेच सगळं लुई व्हितोन किंवा एर्मेसच्या बॅगेला लागू पडतं का?

पारखायची रीत तीच, आधी बॅग आणि मग नंबर. तपशील वेगळे. लुई व्हितोनचा डेट कोड फक्त कारखाना आणि काळ सांगतो, तो एका बॅगेपुरता नसतो. २०२१ पासून त्याची जागा चिपने घेतली. एर्मेस १९४५ पासून वर्षासाठी एक अक्षर ठोकतं. आणि व्हितोनच्या पट्ट्यांचं फिकट, कोरं चामडं पाण्याच्या एका थेंबानेही डागाळतं. तिथे बादली विसरा.

आपल्याकडचं जमवायचं असेल तर पाँडिचेरीत १९७८ मध्ये दिलीप कपूर यांनी सुरू केलेल्या हायडिझाइनच्या सुरुवातीच्या बॅगा शोधा. वनस्पतींनी कमावलेलं चामडं, पितळी बकला. त्यांच्याकडे अजून फार संग्राहकांचं लक्ष गेलेलं नाही.

बॅग सुधारून विकायची आहे. काय काय सांगायला हवं?

केलेलं सगळं. धुतली, पट्टा बदलला, टाके नवे घातले, कोपरा रंगवला, जे असेल ते. क्रीड, नंबर, टर्नलॉक, चेनचा खेचक, तळाचे चारही कोपरे आणि आतला तळ यांचे नैसर्गिक उजेडातले फोटो द्या. वास असेल तर लिहा, सिगारेटचा असेल तर नक्कीच, कारण फोटोत तो दिसत नाही. कोचने स्वतः २०२१ पासून 'रीलव्ड' या नावाने सुधारलेल्या जुन्या बॅगा विकायला सुरुवात केली आहे, तेव्हा दुरुस्त केलेली बॅग म्हणून लाजायचं कारण उरलेलं नाही. बदललेला मूळ पट्टा जपून ठेवला असेल तर तोही गिऱ्हाइकाला द्या.